मामाही, मावसाही

खुशीच्या लग्नाचा मुहूर्त अकरा वाजून बावन्न मिनिटांचा होता आणि सकाळी साडेनऊ वाजता तिच्या सख्ख्या भावाला, गोपालला, कळलं की नवरीच्या मामाला आपणच आपल्या हाताने वधूपक्षातून काढून टाकलं आहे. मामाशिवाय खुशी बोहल्यावर चढणार नव्हती. मामाने आणलेलं पिवळं पातळ नेसल्याशिवाय तर ती खोलीच्या बाहेरसुद्धा येणार नव्हती. आणि पातळ मामाच्या पिशवीत होतं.

हे कसं घडलं ते नीट सांगायला हवं. पुढे दारव्ह्यात या गोष्टीच्या चार-पाच आवृत्त्या फिरल्या आणि प्रत्येकीत गोपाल आधीपेक्षा जास्त येडा होत गेला. तो येडा नाही. शिकलेला आहे, एवढंच.

गोपाल कॉम्प्युटर इंजिनियर. पुण्यात एका कंपनीत दोन वर्षं होता, तिथलं काम संपलं तसा दिवाळीला घरी आला आणि माडीवरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला. घरी कापूस, तूर, सोयाबीन. बाबा शेतात, आई बेबीताई घरात आणि शेतात दोन्हीकडे, आणि हा दिवसभर माडीवर. तिथे बसून त्याने सात मुलाखती दिल्या. सातवी जिव्हारी लागली. पडद्यापलीकडे एक शांत बाई होत्या. त्यांनी विचारलं, “जावा भाषेत एका क्लासला दोन पालक क्लास घेता येत नाहीत. तुम्हाला दोघांचंही हवंय. काय कराल?”

“इंटरफेस वापरीन,” गोपाल म्हणाला.

“आणि त्याने तुम्हाला नेमकं काय मिळेल?”

गोपालने पुस्तकातली व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “पाठ आहे, कळलेलं नाही,” एवढंच म्हणाल्या आणि त्याला शुभेच्छा दिल्या. नोकरी हुकल्याचं त्याला फार वाटलं नाही, त्या चार शब्दांचं वाटलं. जेवताना, अंघोळ करताना, आईने दळणाला पाठवलं की गिरणीच्या आवाजातसुद्धा त्याला ते शब्द ऐकू यायचे.

तेवढ्यात खुशीचं लग्न ठरलं आणि गोपालला काम सापडलं. त्याने ‘मांडव’ नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला. प्रत्येक पाहुण्याच्या मोबाईलवर एक चौकोनी चिन्ह जाणार. कार्यालयाच्या दारात ते स्कॅन केलं की पाहुणा कोणत्या बाजूचा, त्याने कुठे थांबायचं, कोणत्या पंगतीत जेवायचं, दुपट्टा-टोपी द्यायची की नाही, सगळं दिसणार. बाबांनी हे ऐकून विचारलं, “पाहुन्याले पाहून नाई का समजत, पाहुना कोनता हाय थे?” त्यावर गोपालने जे उत्तर दिलं ते इंग्रजीत होतं आणि बाबा शेतात निघून गेले.

या प्रोग्राममधली गोपालची सगळ्यात लाडकी सोय होती रुसव्याची. आपल्याकडच्या लग्नात वरपक्षातलं कोणीतरी रुसतंच. पाणी उशिरा आलं, हार बारीक होता, नाव पुकारताना गाव चुकलं, कारणाला तोटा नसतो. आणि रुसलेल्याची समजूत काढायचं काम या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नवरीच्या मामाकडे आहे. बापाने जावं तर बाप आधीच वाकलेला असतो. काका जातो तो भांडण वाढवून येतो. मामा म्हणजे घरचाही आणि जरासा बाहेरचाही, त्यामुळे त्याचं ऐकतात. तेव्हा गोपालने एक लाल बटण ठेवलं. ते दाबून रुसलेल्याचं नाव टाकलं की थेट मामाच्या मोबाईलवर निरोप जाणार, सोबत भरायचा छोटा फॉर्म: कारण काय, मागणी काय, निकाल काय.

आता मामा. घनश्याम मामा कळंबचा, बेबीताईचा धाकटा भाऊ. बारा एकर कोरडवाहू, एक विहीर आणि बोलायला बसला की समोरच्याची गाडी चुकवणारी जीभ. खुशीचं लग्न त्यानेच जमवलं. नवरा मुलगा अभिषेक उमरखेडचा, आणि तो मामाच्या साळीचा, म्हणजे मेहुणीचा, मुलगा. म्हणजे घनश्याम हा नवरीचा सख्खा मामा आणि नवरदेवाचा सख्खा मावसा. इथे कोणाला यात काही विशेष वाटलं नाही. विशेष वाटलं ते जावाला.

क्लास म्हणजे साचा. गोपालने आधी ‘पाहुणा’ हा साचा केला, त्यातून ‘वधूपक्ष’ आणि ‘वरपक्ष’ हे दोन काढले, वधूपक्षातून ‘मामा’ काढला, वरपक्षातून ‘मावसा’. लेकरू साच्याला वरच्या साच्याचं सगळं आयतं मिळतं. वरपक्षातल्या माणसाला पहिली पंगत, कुलर आणि रुसायचा हक्क आयता. वधूपक्षातल्याला शेवटची पंगत, वाढपाची बादली आणि समजूत काढायचं काम आयतं. इथपर्यंत सगळं झकास होतं. मग त्याने घनश्यामसाठी साचा लिहिला, वर मामाही दिला आणि मावसाही दिला, तर पडद्यावर लाल रेघ उमटली. दोन पालक चालणार नाहीत. मुलाखतीतल्या बाईच जणू रेघ ओढून गेल्या.

गोपालने दोन दिवस डोकं धरलं. बेबीताई चहा घेऊन वर आली, तिला त्याने अडचण सांगितली. ती म्हणाली, “मंग मामालेच एक फोन करून इचारून घे ना, बापा.”

“मामाले काय समजते त्याच्यातलं? तू जाय, करतो मी.”

आणि त्याने केलं. इंटरफेसच्या वाटेला तो गेलाच नाही, त्या शब्दाची त्याला भीती बसली होती. त्याने यादीत दोन घनश्याम घातले. एक वधूपक्षात मामा, एक वरपक्षात मावसा. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तो झोपला. एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. यादीत माणूस ओळखला जायचा मोबाईल नंबरावरून, आणि दोन्ही घनश्यामांचा मोबाईल एकच. दुसरा घनश्याम यादीत शिरला तेव्हा त्याने पहिल्याला गुपचूप पुसून टाकलं. मावसा उरला, मामा गेला.

आदल्या दिवशी हळदीला मामी एकटीच आली. मामा यवतमाळला थांबला होता, कारण खुशीला पिवळ्या पातळाला पोपटी काठ हवा होता आणि दुकानदाराने दोनदा गर्द हिरवा दिला होता. तिसऱ्या खेपेला पोपटी मिळाला, तोवर रात्र झाली आणि तो घरी परतला. लग्नाच्या दिवशी तांबडं फुटायला मामाने कळंबहून मोटरसायकल काढली आणि नऊ वाजता पिशवी छातीशी धरून तो कार्यालयाच्या दारात उभा राहिला.

दारात अतुल होता. अतुल गोपालचा शाळेपासूनचा मित्र, त्याचं मोबाईलचं दुकान आहे. गोपालने त्याला बजावलं होतं की मशीन सांगेल तेच खरं, माझा बाप आला तरी स्कॅन केल्याशिवाय आत सोडायचं नाही. अतुलने सकाळी खरोखरच गोपालच्या बापाला स्कॅन करून आत सोडलं होतं.

“मामा, मोबाईल दाखवा जी.”

मामाने कौतुकाने दाखवला. भाच्याने केलेलं मशीन. अतुलच्या हातातला फोन लाल झाला.

“मामा, तुमी त वरपक्षात दाखवून राह्यले.”

“मी?”

“हो जी. वरपक्षाले साडेदहाच्या आंधी आत सोडता येत नाई. तुमाले जानोशात बसा लागन.”

“अबे अतुल, मी खुशीचा मामा होय.”

“मले समजते न मामा. पन यादीत मामाच नाई. पाहा, रकानाच रिकामा हाय.” आणि त्याने फोन त्याच्यापुढे धरला.

मामा आरडाओरडा करेल असं अतुलला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. मामाने त्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं, “बरं,” म्हणाला आणि निमूट वळला.

जानोसा म्हणजे वऱ्हाड उतरतं ती जागा. कार्यालयाच्या मागे हॉल होता, चाळीस गाद्या घातलेला, आणि वऱ्हाड अजून पुसदच्या पलीकडे होतं. अतुलने कुलूप काढलं, यादीप्रमाणे कुलर सुरू केला आणि पाण्याची बाटली दिली. चाळीस गाद्यांच्या मधोमध एका गादीवर घनश्याम मामा मांडी घालून बसला. पाच मिनिटं तो कुलरकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “अतुल, वरपक्षाले रुसता येते ना?”

“हो जी. खास बटन हाय त्याचं.”

“मंग दाब थे. लिहून घे, नवरदेवाचा मावसा रुसला.” अतुल बाहेर आला तशी मामाने आतून कडी लावली.

अतुल हा आज्ञाधारक माणूस. त्याने बटण दाबलं. निरोप निघाला, नवरीचा मामा शोधत यादीभर फिरला आणि मामा न सापडल्याने येऊन गोपालच्या लॅपटॉपवर आपटला: ‘जबाबदार व्यक्ती सापडली नाही. निरोप थांबवला आहे.’

तेव्हा साडेनऊ वाजले होते. गोपालने रुसलेल्याचं नाव वाचलं, यादीतला मामाचा रिकामा रकाना पाहिला आणि त्याला आपली चूक कळली.

मांडवात बातमी पसरायला निरोपाची गरज पडली नाही. जानोशात वरपक्षाचा माणूस रुसून बसलाय हे ऐकताच बाबांनी सवयीने हुकूम सोडला, “घनश्यामले धाडा समजूत काढाले. कोन रुसलं?”

“घनश्याम मामाच रुसले,” गोपाल म्हणाला.

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. मग स्वतःच निघाले. खिडकीतून त्यांची आणि मामाची जी बोलणी झाली ती थोडक्यात अशी, की मामाने त्यांना व्याही म्हणून रामराम घातला आणि सांगितलं, “रीत हाय. समजूत नवरीच्या मामानं काढा लागते. तुमी बाप हा. मामाले धाडा.” बाबा परत आले आणि गोपालकडे न बघता त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते टोपी काढणं गोपालला शिवीपेक्षा जास्त लागलं.

मग मामी गेली. ती तर मामाची बायको. तिला आतून उत्तर आलं की वरपक्षाच्या बाया अजून यायच्या आहेत, तेव्हा आपण कोणत्या बाजूने बोलता? मामी फणकाऱ्याने परत आली. “मायी बहीन तिकडं, नणंद इकडं. कालपासून दोनी घरचं करून राह्यली. मले त कोनं नाई अडवलं.”

“तू सैपाकघराच्या दारानं आलती,” बेबीताई म्हणाली. “तथी मशीन नाई.”

खोलीत खुशी हळदीच्या अंगाने बसली होती. तिने गोपालला बोलावलं. ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. “दादा,” ती म्हणाली, “मामा मांगं उभा नसन त मी बोहल्यावर चढत नाई. मुहूर्त गेला त जाऊ दे. तू काढलं त्याले, तूच आन.” तेवढ्यात उमरखेडवाल्यांचा फोन आला, आम्ही दिग्रस सोडलं. दिग्रसपासून दारव्हा म्हणजे पाऊण तास. आणि वऱ्हाड जिथे उतरायचं होतं त्या हॉलला त्यांच्याच मावशाने आतून कडी घातलेली.

गोपाल लॅपटॉप काखेत मारून जानोशाच्या पायरीवर गेला. खिडकीच्या गजांतून मामा पाठमोरा दिसत होता. पिशवी मांडीवर तशीच.

“मामा, चूक झाली.”

मामाने मांडीवरची पिशवी सरळ केली.

“मामा, कॉम्प्युटरले एकाचे दोन मायबाप चालत नाई. मंग तुमाले एकीकडं टाका लागलं.”

आता मामा वळला. “मले मायबाप कायले शोधून राह्यला तू? माये मायबाप कळंबले होते, दोघंबी गेले. मी कोनाचा हाय, हे इचारलं कोनं तुले? मी काय काय करतो, थे इचार.”

“म्हंजे?”

“म्हंजे काय? मामा कोन? पातळ आनन थो. पोरीले बोहल्यावर नेईन, मांगं उभा राहीन थो. कोनी रुसलं त उन्हातान्हात त्याच्या दाढीले हात लावाले जाईन थो. एवढं करा लागते, मंग मामा. मावसा कोन? वरातीच्या पुढं चालन थो. दुपट्टा-टोपी घेईन थो. नवरदेवाचा बूट सांभाळन थो. हे बी करा लागते. दोनी करन थो घनश्याम. याच्यात मायबाप आले कुठून बे?”

गोपाल पायरीवर बसला होता तो तसाच राहिला. इंटरफेसने काय मिळेल, असं त्या बाईंनी विचारलं होतं, आणि तो मिळकतीची यादी म्हणत सुटला होता. उत्तर होतं, काहीच मिळत नाही. साचा आयतं देतो. इंटरफेस काही देत नाही, नुसतं कबूल करून घेतो की अमुक अमुक कामं मी करीन, कशी करायची ते माझं मी बघीन. आणि ज्यांच्याकडून काही घ्यायचंच नाही, अशा कितीही जणांचा माणूस होऊ शकतो. अडचण येते ती आयतं घेण्यात. कळंबच्या बारा एकरवाल्याने खिडकीतून हे सांगितलं आणि गोपालला इतकं हलकं वाटलं की क्षणभर तो मुहूर्त विसरला.

मग त्याने लॅपटॉप उघडला. ‘मामा’ आणि ‘मावसा’ हे साचे मोडून त्यांचे इंटरफेस केले, म्हणजे नुसत्या कामांच्या याद्या. घनश्यामच्या वरचे मायबाप काढून टाकले आणि लिहिलं की हा माणूस दोन्ही याद्या कबूल करतो. लाल रेघ गेली. पण दुसरी आली. दोन्ही याद्यांत जेवण होतं आणि दारातला प्रवेश होता, आणि ते कसं, हे आता आयतं कुठूनच येत नव्हतं. घनश्यामचं घनश्यामनेच सांगायला हवं होतं.

“मामा, एक इचारू?”

“रुसलो मी. इचार.”

“दारातून आत कवा याचं तुमी?”

“मनात येईन तवा.”

गोपालने ते लिहिलं. “आन जेवन? वरपक्ष पयल्या पंगतीत जेवते, आपले लोक शेवटच्या. तुमी कोनत्या?”

हा प्रश्न मामाला पटला होता. “पयल्या पंगतीत उमरखेडवाल्याइले वाढीन,” तो विचार करून म्हणाला. “शेवटच्या पंगतीत बेबीसंग बसीन. पन जिलेबी मातर पयल्या पंगतीतच, वाढता वाढता. मावसा हाय मी, जिलेबी सोडत नसतो.”

तेही गोपालने जसंच्या तसं घातलं. दुसरी रेघ गेली. रस्त्याकडून बँडचा आवाज येऊ लागला होता. वऱ्हाडाची बस वळणावर आली होती. घाईघाईत त्याने प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि सुटकेचा श्वास सोडला. आता यादीत मामा होता. आता दारात कोणी अडवणार नव्हतं. एक गोष्ट मात्र तो पुन्हा विसरला होता. सकाळपासून अडकलेला एक निरोप मामा सापडायची वाट बघत होता.

आत मामाचा फोन वाजला.

मामाने चष्मा लावला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. “नमस्कार. वरपक्षाचे मावसे श्री. घनश्याम नाराज आहेत. रीतीप्रमाणे समजूत काढण्याची जबाबदारी नवरीचे मामा श्री. घनश्याम यांची आहे. कृपया त्वरित जावे.”

गोपालची पाचावर धारण बसली. आता हा थेट कळंबलाच जाणार, असं त्याला वाटलं. एव्हाना बाबा, बेबीताई, मामी, अतुल मागे येऊन उभे होते आणि वऱ्हाड बसमधून उतरून आपल्याच जानोशाच्या बाहेर ताटकळत होतं. नवरदेव फेटा सावरत पुढे आला. बँडवाल्यांनी कोणी न सांगताच वाजवणं थांबवलं. कुलरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

आणि आतून मामाचा आवाज आला, अदबीचा, पाहुण्याशी बोलावा तसा. “घनश्यामराव, येऊ का जी?”

लगेच दुसरा, जरा घुश्शातला. “या. बसा.”

“काय झालं? कायले रुसले?”

“पोरगी जलमली तवा दवाखान्यात पयले म्या घेतली होती हातात. बाप शेतात होता. आन आज मले दारात इचारते, तू कोनाचा?”

“पोट्ट्याची चूक झाली जी.”

“झाली त झाली. पन...”

“पन काय?”

“थे मंग सांगीन.”

“बरं. मंग आता चालता का?”

“पातळाचा काठ पाह्यला का तिनं? पोपटी हाय. तीन चकरा झाल्या.”

“पातळ तुमच्यापाशी. थे कसं पाहीन? त्याच्यासाठीच चाला म्हनतो.”

बेबीताईने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत होती हे गोपालला कळलं नाही, आणि त्याला स्वतःचंही कळत नव्हतं. कडी निघाली. मामा पिशवी घेऊन दारात उभा राहिला, सगळ्या वऱ्हाडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “लय हट्टी मानूस. पन मानला.”

वऱ्हाड असं हसलं की बँडवाल्यांना पुन्हा वाजवावंसं वाटलं. मामीने तबक आणलं. मानलेल्या पाहुण्याला दुपट्टा-टोपी घालायची रीत आहे, आणि ती घालतो समजूत काढणारा मामा. घनश्यामने दुपट्टा आपल्याच हाताने आपल्या गळ्यात घातला, टोपी डोक्यावर चढवली, स्वतःला रामराम केला आणि पिशवी बेबीताईच्या हाती दिली. गोपाल पाया पडायला वाकला तसा मामा मागे सरला. आमच्याकडे भाच्याने मामाच्या पाया पडायचं नसतं, मामाच भाच्याच्या पडतो. मामाने खाली वाकून गोपालच्या पायांना हात लावला. गोपालला भुईत जावंसं वाटलं.

अकरा बावन्नला खुशी पोपटी काठाच्या पिवळ्या पातळात बोहल्यावर उभी होती आणि तिच्या मागे मामा. अंतरपाटाच्या पलीकडून उमरखेडच्या एका म्हाताऱ्याने हाक दिली, “मावसाजी, आपल्या अंगानं या ना!” मामाने बोटाने खूण केली, थांबा, हे काम आधी. खुशीने मागे वळून न बघता हात जरासा मागे नेला, मामाने तो धरला आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत सोडला नाही. गोपाल ते बघत उभा राहिला. अक्षता टाकायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही, त्या त्याच्या मुठीत घामाने भिजून गेल्या.

जेवणं प्रोग्रामप्रमाणे झाली. पहिल्या पंगतीत मामाने वांग्याची भाजी वाढली आणि अकरा जिलेब्या खाल्ल्या. शेवटच्या पंगतीत तो बहिणीशेजारी बसला, तेव्हा त्याला फक्त मठ्ठा हवा होता.

चार वाजता खुशीची पाठवणी झाली. बस गेली, मांडवात रिकाम्या खुर्च्या उरल्या आणि मामाही मोटरसायकलला किक मारून कळंबच्या रस्त्याला लागला. बाबा एका खुर्चीवर नुसतेच बसून होते. काहीतरी करायला हवं म्हणून गोपालने लॅपटॉप उघडला. एकूण नाराजी: एक. निकाल: मिटली. समजूत काढणाऱ्याने फॉर्म भरला होता, बहुधा निघण्याआधी, चष्मा लावून, एका बोटाने.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दारात.’

मागणीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘काई नाई. पयले एक फोन करा लागत होता.’

गोपालने ती ओळ दोनदा वाचली. मामा रस्त्यात असेल, उचलणार नाही, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने लॅपटॉप मिटला आणि मामाला फोन लावला.